दिव्यावर चिकटपट्टी

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात ट्रकमालकाला हवं ते मिळतं. ‘हे बसवू नका’ हा सल्ला तेवढा मिळत नाही.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल ट्रकच्या सायलेन्सरमध्ये अख्खी प्रयोगशाळा बसवलेली असते: काजळी अडवणारा फिल्टर, युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड मारणारी यंत्रणा आणि या सगळ्यावर चहाडखोर सेन्सर. मालकाला मात्र हवा असतो आवाज. नळी कापून सरळ पाइप जोडला जातो, लालबागच्या पुलाखाली ट्रक डरकाळी फोडतो आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो. मग उपचार सुरू. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, दिवा गेला; परळ येईपर्यंत परत हजर. सेन्सर बदलला, तरी हजर. नवा सेन्सरही बिचारा खरंच बोलत होता! शेवटी दिव्यावर काळी चिकटपट्टी. दुरुस्ती पूर्ण.

पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा दिवा भिजलेल्या कनेक्टरमुळेही लागू शकतो, हे खरं. स्कॅनर लावून कोड वाचला की संशयित सापडतो. पण कोड वाचायचा तर कापलेल्या नळीचंही नाव निघणार!

याच हिंदमाताला 2019 च्या अखेरीस पोलिसांनी 85 डेसिबलवर हॉर्न गेला की लाल सिग्नल पहिल्यापासून मोजणारं यंत्र लावून पाहिलं होतं. सायलेन्सरचा हिशेब वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स 3 महिने बाद.