नागपूर (सौंसर) विमानतळ

युरोप टूरची रंगीत पत्रकं आता सौंसरातही फिरताहेत. पॅरिस ते फ्रँकफर्ट, सरळ अंतर ४५० किलोमीटर, विमानाने फक्त सव्वा तास! विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जाऊन थांबलं की बंद, असा हा हिशोब. घरून विमानतळ गाठणं, पट्टा-बूट काढून रांगेत उभं राहणं, बॅगेसाठी ताटकळणं, हे तुमच्या खात्यात.

स्वस्त तिकीटवाल्यांची तर कमालच. ‘फ्रँकफर्ट-हान’ म्हणून जो विमानतळ विकला, तो फ्रँकफर्ट शहरापासून जवळपास १२० किलोमीटरवर. मूळचा अमेरिकी हवाई दलाचा तळ, डोंगराळ मुलखातला. ‘पॅरिस-बोव्हे’ पॅरिसपासून ऐंशीच्या वर. तिकीट पॅरिसचं, उतरायचं आडगावी, पुढच्या बसचे पैसे वेगळे.

हेच माप लावलं तर सौंसर केव्हाच नागपुरात आलं! सत्तर किलोमीटर तर आहे. मधे केळवद, सावनेर, की आलंच. इथला माणूस मोठ्या दुखण्याला नागपूर गाठतो, बस्ता बांधायला नागपूरच, संत्र्याची गाडी कळमन्याच्या बाजारात, आणि विमानात बसायचंच झालं तर सोनेगाव. १९५६ पर्यंत राजधानीही नागपूरच होती. मग दिल्लीत नकाशे नव्याने आखले गेले. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं आणि साहेबाची सही भोपाळला जाऊन बसली. जिल्हा तेवढा २०२३ साली छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला सरकला. चला, काहीतरी जवळ आलं.

आता व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा घ्या. दोन देशांच्या दोन राजधान्या, भाषा दोन, मधे सरळ रेषेत साधारण ५५ किलोमीटर. तिथे विमान कोण कशाला उडवील? आगगाडीने तासाभराचं काम. १९८९ पर्यंत मधे काटेरी तारा होत्या. २००७ साली नेहमीची पासपोर्ट तपासणीही उठली. ब्रातिस्लाव्हाची माणसं परदेशी जायला खुशाल व्हिएन्नाच्या विमानतळावर जातात, जशी आपली सोनेगावला.

आपल्याकडे तारा नव्हत्याच, त्यामुळे काढायचाही प्रश्न आला नाही. भाषा एक, मारुती एक. जामसावळीच्या मारुतीला शनिवारी दोन्हीकडच्या नंबरांच्या गाड्या एकाच धुळीत उभ्या असतात. आडवा येतो तो कागद. सावनेरची पोर सौंसरला दिली की वरात तासाभरात दारात. तिचा जातीचा दाखला मात्र सीमेवरच उतरतो. आरक्षण हवं असेल तर माहेरच्या राज्यात मागा, म्हणतात. नवरी आली, आंदण आलं, वरमाय रुसून पुन्हा हसलीसुद्धा. दाखला अजून केळवदच्या अलीकडे यायला तयार नाही.