फुंका आणि निघा

तळीरामाला गाडी सुरूच करू न देणारे यंत्र हा ठाणे-डोंबिवलीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचा हुकमी प्रकल्प. थर्माकोलच्या डॅशबोर्डवर एमक्यू-३ सेन्सर, मागे आर्डुइनो आणि रिले. सेन्सरमधल्या टिन ऑक्साइडला मद्याची वाफ लागली की त्याची विद्युतवाहकता वाढते आणि रिले इग्निशन तोडतो. पण परीक्षकांपुढे पिऊन येणार कोण? मग सॅनिटायझरचा बोळा धरतात. यंत्र इमानाने कोकलते. अत्तर फवारलेला नवरदेवही त्याच्या लेखी झिंगलेलाच. कायदा मात्र मोजून बोलतो: मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क. गटारीच्या रात्री घोडबंदर रोडला लागणारा गडी शुद्धीतल्या मित्राला फुंकायला लावेल, ही अडचण अहवालातल्या ‘भविष्यातील वाव’ या प्रकरणात ढकललेली असते. तोवर नाक्यावर हवालदारच नळी पुढे करतो.