अंगाला न लागणारे बायबलवाचन

दर ३१ डिसेंबरला वॉचनाइटची उपासना संपून केक वाटला जात असतो, तेव्हा मंडळीतली निम्मी माणसे यंदा बायबल अथपासून इतिपर्यंत वाचायचेच असा निश्चय करतात. निश्चय स्तुत्य आहे; त्यातला धोका मात्र त्यांना कोणी सांगत नाही. या पुस्तकाने भल्याभल्यांची घडी विस्कटली आहे. नारायण वामन टिळकांच्या हाती आगगाडीच्या प्रवासात नवा करार पडला, त्यांनी तो नुसता ठेवून न देता वाचला, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे घरच्यांची काय त्रेधा उडाली ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहूनच ठेवले आहे. तेव्हा आपली इस्टेट, आपली मते आणि आपली जुनी भांडणे शाबूत ठेवून ज्यांना विश्वासात वाढायचे आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सुरुवात ग्रंथाच्या निवडीपासून करावी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवले. १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्या याच कामात होत्या. असली भाषांतरे टाळावीत. कळले नाही ही सबब त्यात चालत नाही. आजोबांच्या वेळचे जाडजूड पवित्र शास्त्र घ्यावे, त्याला चेनचे काळे कव्हर घालावे आणि त्यात मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा, झावळ्यांच्या रविवारचा वाळका क्रूस, दोन-तीन लग्नपत्रिका नि विजेचे जुने बिल ठेवावे. थोड्याच दिवसांत चेन लागेनाशी होते. मग ते उघडण्याचा आग्रह कोणीच धरत नाही.

तरीही वाचायचेच असेल, तर हिशोब सोपा आहे. एकंदर अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात ग्रंथ संपतो. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय जानेवारीत होतात, आणि साधारण फेब्रुवारीच्या तोंडावर गाडी लेवीय या पुस्तकात शिरते. कोणत्या यज्ञात कोणती चरबी जाळायची, घराच्या भिंतीला बुरशी आली तर याजकाने काय करायचे, असा सगळा मामला. बहुतेकांचा निश्चय इथेच बसतो. लोक त्याबद्दल उगीच खंत करतात. वास्तविक ते थोडक्यात वाचलेले असतात. कारण याच पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय महा डेंजर आहे. शेताच्या कडेचे पीक गरिबाला आणि परक्याला सोडा, वजनमाप खरे ठेवा, इतके सांगून तो थांबत नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका, असेही बजावतो. ज्या घरात भांडीवाल्या मावशींना पगार सात तारखेला, तोही दोन खाडे कापून मिळतो, तिथे पहाटेच्या शांत वेळी हा अध्याय उघडणे कितपत बरे? शेजाऱ्यावरच्या प्रीतीची प्रसिद्ध आज्ञाही मुळात इथलीच, आणि आपण समजत होतो की ती नव्या करारातली, म्हणजे भाषणापुरती.

म्हणून सुटी वचने बरी. दिनदर्शिकेवरचे यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनात तुमच्या हिताच्या योजना आहेत, वगैरे. दिवाणखान्यात शोभून दिसते. फक्त त्याच्या वरचे दहावे वचन वाचू नये. तिथे कळते की हे पत्र बाबेलात बंदी होऊन गेलेल्यांना लिहिलेले आहे, आणि त्या योजनेला सत्तर वर्षे लागणार आहेत. गुलाबाच्या चित्रावर हे वचन छापून सकाळी सहाला सगळ्या ग्रुपवर टाकले, की त्या दिवसाचे मनन झाले.

आता प्रार्थना. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयात पाच वचनांत आटोपते. त्यावरून ती नवशिक्यांसाठी असावी असे दिसते. मुरलेला माणूस घरोघरच्या प्रार्थनासभेत किमान वीस मिनिटे घेतो. सामोसे गार होतात, पोरे पेंगतात, पण पाळकसाहेबांचीसुद्धा मध्ये आमेन म्हणायची हिंमत होत नाही. प्रार्थनेतून बातमी देण्याची कलाही याच वेळी साधून घ्यावी. “हे स्वर्गीय पित्या, आमची एक बहीण, जिचे नाव मी घेत नाही, पण जिचा मुलगा नाशिकहून नोकरी सोडून आला आहे, तिला तू सांभाळ.” देवाला हे आधीच ठाऊक असते. माजघरातल्या बायकांना नसते. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्याविषयीही मत्तयात काही आहे, पण दाराआड ऐकणार कोण?

आत्मपरीक्षणाचे शास्त्र मात्र पक्के आहे. सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियस लोयोलाने त्याची रीतच घालून दिली: आपला एक दोष निवडायचा, सकाळी उठताच तो टाळायचे ठरवायचे, दुपारी आणि रात्री जेवणानंतर किती वेळा घसरलो ते आठवून वहीतल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. पद्धत उत्तम आहे, एवढाच बदल करावा की वही जाऊबाईंच्या नावाने घालावी. ठिपके भराभर पडतात. लूकमधला मंदिरात उभा राहिलेला परूशी याच शाखेचा होता. शेजारच्या जकातदाराचा हिशोब त्याला तोंडपाठ होता.

इतकी काळजी घेऊनही एखादे वचन लागतेच. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात एक जागा आहे: वेदीपाशी दान घेऊन गेल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून ज्यांचे भावाशी बोलणे बंद आहे आणि तारखा चालू आहेत, त्यांनी हे चुकून वाचले असेल, तर वरचा एकही उपाय त्यांच्या कामाचा नाही. त्यांनी येत्या रविवारी दानाचे पाकीट खिशातच राहू द्यावे आणि भावाला फोन लावावा. दान पुढच्या रविवारी घेतात.