राजाचा वाढदिवस, तिथीनुसार

आबा आणि आई मे महिन्यात आमच्याकडे मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला आले आणि चहा व्हायच्या आत आबा फ्रिजसमोर उभे राहिले. फ्रिजवर लिटल इंडियातल्या किराणावाल्याने फुकट दिलेलं कॅलेंडर लटकतं. चाळीस वर्षं साताऱ्यात इतिहास शिकवलेला माणूस. परक्या घरात गेला तरी आधी कॅलेंडर वाचतो, मग माणसांची चौकशी करतो.

"जूनच्या दुसऱ्या सोमवारी लाल अक्षरात काय आहे रे?"

"किंग्ज बर्थडे. राजाचा वाढदिवस. शनिवार, रविवार, सोमवार जोडून सुट्टी."

"चार्ल्सचा? त्याचा जन्म 14 नोव्हेंबरचा. नेहरूंची तारीख. मुलांना पाठ करून घ्यायचो मी."

"हो, पण वाढदिवस जूनमध्ये असतो."

आबांनी चष्मा काढला. चष्मा निघाला म्हणजे तास सुरू झाला, हे आम्ही लहानपणापासून जाणतो. मी मुकाट्याने जेवढं ठाऊक होतं तेवढं ओकलो. आधीची राणी 21 एप्रिलला जन्मली, तिचाही वाढदिवस आम्ही जूनमध्येच केला. मूळ मानकरी पंचम जॉर्ज. त्याचा जन्म 3 जूनचा. तो 1936 साली वारला, पण सुट्टीची घडी बसली होती ती कोणी मोडली नाही.

"पंचम जॉर्ज म्हणजे ज्याच्यासाठी गेट वे ऑफ इंडिया बांधला तो?"

"तोच."

"म्हणजे 1936 साली गेलेल्या माणसाचा वाढदिवस तुम्ही त्याच्या पणतवाच्या नावाने घालता?"

"आम्ही व्हिक्टोरियावाले. क्वीन्सलँडमध्ये तो ऑक्टोबरात असतो आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बहुतेक सप्टेंबरच्या अखेरीस."

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि आम्ही शिवजयंती 19 फेब्रुवारीला करायची की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावरून शिक्षकांच्या खोलीत एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. उगाचच."

त्या रात्री न्यू जर्सीहून धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. आबांनी राजाची कथा मीठमसाला लावून सांगितली. धाकटा खूश. "दादा, आमच्याकडे असला घोळ नाही बघ. आमचा प्रेसिडेंट्स डे, फेब्रुवारीतला तिसरा सोमवार. वॉशिंग्टनचा वाढदिवस. सुटसुटीत."

"वॉशिंग्टनचा जन्म कधीचा?" आबांनी विचारलं.

"22 फेब्रुवारी."

आबांनी बोटांवर मोजलं. "तिसरा सोमवार लवकरात लवकर 15 तारखेला येणार, उशिरात उशिरा 21 ला. म्हणजे 22 ला कधीच नाही."

न्यू जर्सीत शांतता पसरली. मग "नेटवर्क जातंय वाटतं" असं पुटपुटत धाकट्याने विषय बदलला. "ते असू दे. आम्ही चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे डोंगरात कोरलेत. माउंट रशमोर! तुमच्या पंतप्रधानांचं काय आहे?"

"आमच्याकडे एका पंतप्रधानाच्या नावाचा पोहण्याचा तलाव आहे," मी म्हणालो.

"पोहण्यात पटाईत होता?"

"समुद्रात बुडाला."

या हॅरॉल्ड होल्टची आणि माझी ओळख गोदामात झाली. डँडेनॉन्ग साउथला मी ज्या गोदामात आहे तिथे शुक्रवारी तीन वाजले की एखादा गडी नाहीसा होतो, आणि फोरमन म्हणतो, "त्याने हॅरॉल्ड होल्ट केला." आपण 'कलटी मारली' म्हणतो तसं. पहिली दोन वर्षं माझी समजूत अशी की होल्ट नावाचा कोणी कामगार आहे, तो कायम रजेवर असतो, आणि युनियन भक्कम असल्यामुळे त्याला कोणी काढत नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर आबांनी लाँग वीकेंडचा कार्यक्रम जाहीर केला: शनिवारी बाजार, रविवारी होल्ट. बायकोला बर्फ बघायला डोंगरावर जायचं होतं, चिरंजीवांना फुटी, म्हणजे इथला फुटबॉल. दोघांचीही मतं नोंदवून घेण्यात आली.

शनिवारी डँडेनॉन्ग मार्केटमध्ये आबांनी एका अफगाण भाजीवाल्याशी मैत्री केली. हिंदी सिनेमाचं हिंदी दोघांनाही पुरेसं होतं. 2010 च्या सुरुवातीला तो इथे आला. "आलो तेव्हा केविन रड," तो बोटं मोडत सांगू लागला. "घर भाड्याने मिळालं तोवर ज्युलिया गिलार्ड. गाडी शिकलो तेव्हा पुन्हा रड. बायकोचा अर्ज भरला तेव्हा टोनी अ‍ॅबट, ती आली तेव्हा टर्नबुल, आणि धाकटी झाली तेव्हा मॉरिसन." साडेआठ-नऊ वर्षांत सहा वेळा त्याला नाव पाठ करावं लागलं होतं. आपल्याकडे म्हातारी माणसं पानशेतचा पूर आणि कोयनेचा भूकंप धरून वयं सांगतात. या माणसाने पंतप्रधान धरले होते.

कांदे निवडताना मी आबांना अ‍ॅबटची ख्याती सांगितली. मार्च 2015 मध्ये टास्मानियात एका शेतकऱ्याकडे गेले असताना त्यांनी कॅमेऱ्यांसमोर कच्च्या कांद्याचा सफरचंदासारखा लचका तोडला.

"बुक्कीने फोडून?"

"नाही. सालासकट."

आबांनी हातातला कांदा न्याहाळला. "पद कधी गेलं?"

"त्याच सप्टेंबरात."

"सहा महिने चाललं म्हणजे लोक सोशिक आहेत," आबा म्हणाले आणि दोन किलो कांदे घेतले.

रविवारी सकाळी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही आणि चहाचा थर्मास घेऊन आम्ही पोर्टसीकडे निघालो. जूनमधला मेलबर्नचा वारा म्हणजे महाबळेश्वरचा वारा, पण सौजन्य वजा. पॉइंट नेपियनच्या राष्ट्रीय उद्यानात गाडी लावून चालत टेकडीवर पोचेपर्यंत आबांची माकडटोपी दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा चिरंजीवांनी ती फुटीच्या थाटात झेलली. खाली चेव्हियट बीच. किनाऱ्यावर उतरायला मनाई. जे पाहायचं ते वरूनच.

17 डिसेंबर 1967, तोही रविवारच. होल्ट 59 वर्षांचे. पाण्याखाली मासे मारण्याचा नाद असलेला गडी. दुपारी मित्रमंडळींबरोबर इथे आले, समुद्र खवळलेला पाहिला आणि तरीही आत गेले. देशाचा पंतप्रधान लाटांत दिसेनासा झाला. नौदलाचे पाणबुडे, हेलिकॉप्टरं, बोटी, सगळं झालं. शव आजतागायत सापडलेलं नाही. मग चिनी पाणबुडी येऊन त्यांना घेऊन गेली, अशी आवई उठली आणि त्यावर एक पुस्तकही आलं. अखेर 2005 साली चौकशीचा निष्कर्ष निघाला: अपघाताने बुडून मृत्यू. आईने तो निष्कर्ष टेकडीवर पोचल्यापासून तीन मिनिटांत काढला. खाली फुटणाऱ्या लाटांकडे बघत ती म्हणाली, "या पाण्यात उतरला? घरचं कोणी बरोबर नव्हतं वाटतं."

आबा मात्र पुढच्या पानावर गेले होते. "मग राज्य कोणी चालवलं?"

"मॅकएवन नावाचे गृहस्थ, तीन आठवडे. गव्हर्नर जनरल केसी यांनी त्यांना शपथ दिली."

"केसी? रिचर्ड केसी?" वाऱ्यावर आबांचा आवाज चढला. "अरे, तो 1944 ते 46 बंगालचा गव्हर्नर होता! गांधीजी कलकत्त्यात त्याला भेटले होते!"

मी ओशाळलो. डँडेनॉन्ग संपलं की केसीची नगरपालिका लागते. तिच्या पाट्या मी सात वर्षं रोज वाचतो. मला ते कोणा जुन्या आयरिश दूधवाल्याचं नाव वाटायचं.

होल्टच्या शोकसभेला मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः आले होते. होल्ट त्यांचा जिवाभावाचा दोस्त. हे मी धाकट्याला चिडवायला तिथूनच कळवलं. आणि इंग्लंडहून राणीतर्फे कोण आलं होतं? एकोणीस वर्षांचा राजपुत्र चार्ल्स. म्हणजे ज्याच्या वाढदिवसाच्या सुट्टीत आम्ही धपाटे खात होतो, तोच. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी थर्मासमधला शेवटचा चहा कोणालाही न विचारता संपवला.

पुढच्या शनिवारी ग्लेन आयरिसचा तलाव पाहायला गेलो. हॅरॉल्ड होल्ट स्विम सेंटर, 1969 साली त्यांच्याच मतदारसंघात उघडलेलं. दारातच आई थबकली. "बुडालेल्या माणसाच्या नावाने पोहायला शिकवतात? शकुन-अपशकुन काही?" आत पाचेक वर्षांची बारकी पोरं फळी धरून पाय मारत होती आणि एक मास्तरीण शिट्टी वाजवत होती. आबा काठावर बसून तासभर बघत राहिले. त्यांचं बालपण माहुलीला कृष्णेच्या डोहात गेलेलं. उठताना म्हणाले, "आमच्या शाळेसमोरच्या पुतळ्याला वर्षातून दोन हार पडायचे, एरवी कावळे. इथे रोज पोरं तरी येतात." आईने यावर काही म्हटलं नाही, पण नातवाला तिथे घालायचं नाही, एवढं बजावलं.

आबांचं परतीचं विमान नोव्हेंबरात होतं. तारीख त्यांनीच मागून घेतली होती: 14. विमानतळावर सामान घेणाऱ्या बाईंना त्यांनी पासपोर्ट दिला आणि शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसं ताठ उभं राहून इंग्रजीत सांगितलं, "आज तुमच्या राजाचा वाढदिवस आहे. अभिनंदन."

बाई गोड हसल्या. "नाही हो, तो जूनमध्ये असतो," म्हणाल्या आणि बॅगेला चिठ्ठी लावली.

आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला नाही. तिथीपुढे तारखेचं काही चालत नाही, हे त्यांनी साताऱ्यात चाळीस वर्षं अमान्य केलं होतं. मेलबर्नच्या विमानतळावर मान्य केलं.