बाष्पधनी

मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनारपट्टीवर, जेथे जून ते सप्टेंबर या काळात काड्यापेटी पेटत नाही, पापड सादळतात आणि कपाटातील चामडी पट्ट्यांवर हिरवट बुरशी धरते, तेथील मध्यमवर्गीय वस्तीत अलीकडे गृहस्थांचा एक नवा प्रकार आढळतो, ज्यास सोयीसाठी ‘बाष्पधनी’ म्हणता येईल. बाष्पधनी बहुधा बँकेतून किंवा विमा कंपनीतून निवृत्त झालेला असतो, त्याच्या संग्रही बांधून घेतलेले जुने दिवाळी अंक व एक हार्मोनियम असते, आणि या दोहोंना दमटपणापासून वाचवावे या सर्वस्वी निर्दोष हेतूने त्याने डिह्युमिडिफायर नावाचे यंत्र घरात आणलेले असते. पुढे जे घडते त्याचा या हेतूशी फारसा संबंध उरत नाही.

हे यंत्र खोलीतील हवा पंख्याने ओढून थंड नळ्यांवरून नेते. नळ्यांचे तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या पातळीच्या, खाली असल्यामुळे त्यांवर थेंब जमून खालच्या टाकीत पडतात आणि कोरडी झालेली हवा गरम नळ्यांवरून थोडी तापून खोलीत परतते. विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची जी रचना आखली, तिचा उद्देशही माणसांना गारवा देणे हा नसून हवेतील आर्द्रता आवरणे हाच होता, कारण दमट हवेने कागद फुगत असे व एकावर एक छापायचे रंग जुळत नसत. छापील कागद वाचवण्याची ही थोर परंपरा आपल्या दिवाळी अंकांपर्यंत येऊन पोचली आहे, असे बाष्पधनी पाहुण्यांना सांगतो आणि मग त्या छापखान्यात जमलेले पाणी कोणत्या झाडांना घातले असावे, असे विचारून त्यांना निरुत्तर करतो.

टाकी प्रथम भरते त्या दिवशी बाष्पधन्याची दीक्षा पूर्ण होते. ते पाणी मोरीत ओतण्यास त्याचा हात धजत नाही, कारण टँकरच्या पाण्यासाठी वर्गणी मोजलेल्या पिढीचा तो प्रतिनिधी असतो. तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे टीडीएस मीटर विकत घेतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार स्वीकारार्ह मानलेले असताना आपल्या टाकीत त्यांचा जवळजवळ मागमूस नाही, हा आकडा जिन्यात भेटेल त्यास ऐकवतो. पाणी असे निःक्षार असते हे खरेच, आणि क्षारयुक्त बोअरवेलच्या पाण्याने कुंडीतील मातीवर पांढरा थर धरतो तसा याने धरत नाही, हेही खरे. परंतु झाडांस लागणारे कॅल्शियम व मॅग्नेशियमही त्यात नसते, त्यामुळे खताची चिंता वेगळी वाहावी लागते. शिवाय नळ्यांच्या धातूचे अंश आणि टाकीतील धूळ व बुरशी त्यात उतरू शकतात, म्हणून ते पिण्यास अयोग्य समजावे आणि शोभेच्या झाडांपुरते ठेवावे, हे उत्तम. बाष्पधन्याच्या पत्नीने तुळशीला या पाण्याची बंदी केलेली असते ती मात्र धातूंच्या अंशांमुळे नव्हे, तर तुळशीला यंत्राचे पाणी घालण्यापेक्षा आंघोळ करून तांब्याभर पाणी स्वहस्ते घालावे, या मतामुळे. काढ्यात पडणाऱ्या पानांच्या दृष्टीने तिचा निर्णय पतीच्या मीटरपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध ठरतो.

उत्पन्नवाढीचा विचार येथून सुरू होतो. तीस अंश तापमानाच्या आणि ऐंशी टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या ऐंशी टक्के बाष्प असलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाणी असते, म्हणजे बंद शयनगृहातील सगळी हवा पिळली तरी लिटरभर पाणी निघत नाही. हा हिशेब हाती येताच बाष्पधनी खिडकी चार बोटे उघडी ठेवू लागतो, आणि त्याने पुरेसे पाणी मिळेना की धुतलेल्या कपड्यांची दोरी यंत्राच्या समोर बांधतो. दिवाळी अंक यानंतर ओल्या पंच्यांच्या शेजारी नांदतात. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडत असल्याने, आणि यंत्राला लागणारी वीजही शेवटी उष्णतेतच उतरत असल्याने, खोली तापते, ती गार करण्यासाठी एसी लावावा लागतो, आणि एसीच्या नळीखाली दुसरी बादली ठेवली जाते, जिच्यामुळे आजचा दिवस दुहेरी लाभाचा ठरला, असे वहीत नोंदवले जाते.

वहीत विजेचे खाते नसते. साध्या घरगुती यंत्राला दीड-दोन लिटर पाण्यामागे साधारण एक युनिट लागते, म्हणजे पंधरा लिटरची बादली आठ-दहा युनिटांना पडते, हे बाष्पधनी जाणतो; पण वीजबिल मुलाच्या खात्यातून परस्पर भरले जात असल्यामुळे दोन शीर्षांखालील रकमा एकत्र करू नयेत, हा बँकेतील शिस्तीचा संस्कार तो निवृत्तीनंतरही पाळतो.

पाणी साठते तेव्हा डासही येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्याशी अंडी घालतो, अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो, आणि म्हणून साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी ठेवावीत, असे पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी दारोदार सांगत असतात. बाष्पधन्याच्या बादलीत अळ्या सापडल्यावर त्यास समज दिली जाते. तो ती नम्रपणे ऐकतो, आणि संध्याकाळी कट्ट्यावर, डासाला घाण पाणी चालत नाही हे आता पालिकेनेच मान्य केले आहे, असे जाहीर करतो.

खरी अडचण ऋतूची आहे. यंत्र सर्वाधिक पाणी देते ते पावसाळ्यात, आणि त्या काळात खिडकीच्या ग्रिलमधील कुंड्या आधीच पावसाने तुडुंब असल्यामुळे त्यांना पाणी घालणे म्हणजे मुळे कुजवणे होय. यावर बाष्पधन्याने काढलेला तोडगा अभ्यासकांनी नोंद घ्यावी असा आहे: तो ग्रिलवर निळे प्लास्टिक बांधतो, जेणेकरून पाऊस कुंड्यांत पडणार नाही आणि जास्वंदीला यंत्राच्या पाण्याची गरज भासेल.

डिसेंबरात तो मुलाकडे पुण्याला जातो तेव्हा यंत्र बरोबर नेतो. तेथील थंड व कोरड्या हवेत रात्रभर चालूनही टाकीचा तळ जेमतेम ओलावतो, आणि पुणेकरांची हवासुद्धा हात आखडती आहे, असा निष्कर्ष काढून बाष्पधनी सुनेला विचारतो की या घरात रोजच्या रोज चादरी धुण्याची पद्धत नाही काय.