हजार मीटरवाला भाऊ

मोताळ्यात विजेरी कोणी विकत घेत नाही. विजेरी शाळेच्या पुस्तकात असते, टॉर्च खोक्यावर छापलेली असते. दुकानात मागितली जाते ती बॅटरी, आणि तिच्यात टाकतात ते सेल. ही बॅटरी खिशात मावेल, खिशाला परवडेल आणि दोन-चार हंगाम टिकेल अशी निवडणं हे खरं तर पाच मिनिटांचं काम. पण प्रत्येक गावात एक गृहस्थ असा असतो, की त्याची ही निवड वर्षानुवर्षं चालू राहते. त्याला बॅटरीभाऊ म्हणू. आठवडी बाजाराच्या दिवशी भाऊ भर दुपारी, डोक्यावर ऊन तळपत असताना, बॅटरी पारखायला येतो. आधी बटण दाबून तळहातावर उजेड पाडतो, मग बोटं जुळवून ती लालभडक दिसतात का बघतो. मग दुपट्ट्याचा बोगदा करून त्यात एक डोळा घालतो. त्यानंही समाधान झालं नाही तर दुकानदाराला अर्धं शटर ओढायला लावतो. आणि एवढं सगळं झाल्यावर एकच प्रश्न: "किती लांब जाते?" दुकानदारही अनुभवी. तो खोक्यावरचा आकडा वाचून दाखवत नाही, नुसता अंगठ्यानं रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे इशारा करतो. टाकी उन्हात न्हालेली असते. भाऊ तिच्यावर झोत टाकतो आणि पडलाच असं समजून मान हलवतो.

भाऊला हसणं सोपं आहे, पण त्याचा प्रश्न रिकामा नाही. त्याला वारसा आहे. पितळी नळीच्या बॅटऱ्या होत्या, तेव्हा माणसाची पत सेलांवर मोजली जायची. दोन सेलवाला साधा, तीन सेलवाला वजनदार, आणि पाच सेलवाला बहुधा पाटील. हे वजन शब्दशः होतं, कारण मोठा सेल एकेक शंभर ग्रॅमच्या आसपास भरायचा आणि लांब बॅटरी प्रसंगी काठीचंही काम करायची. सेल मंदावले की ते उन्हात वाळवणासारखे मांडायचे. ऊब लागली की आतलं रसायन जरा हुशारतं आणि एखादी रात्र निभते, हे सांगायला रसायनशास्त्राच्या पदवीधराची गरज नव्हती. पुढे एलईडी आली. निळ्या एलईडीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या निळ्या उजेडातूनच पांढरी एलईडी घडली आणि बोटाएवढी नळी पाच सेलच्या दांडक्याला लाजवू लागली. विज्ञानाची प्रगती झाली, पण भाऊची पंचाईत झाली. सगळ्यांच्याच बॅटऱ्या सारख्या दिसू लागल्यावर मोठेपणा मोजायचा कशावर? ही अडचण खोकं छापणाऱ्यांनी ओळखली आणि सेलांच्या संख्येची जागा एका आकड्याला दिली: १००० मीटर.

हा आकडा जरा उलगडून पाहण्यासारखा आहे. बॅटऱ्यांच्या मोजमापाचं एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक २००९ पासून आहे. त्यानुसार झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणजे भाऊचा झोत खोक्यावर लिहिल्याप्रमाणे खरोखर हजार मीटर गेला, तरी त्या टोकाला जे पडेल ते चांदणंच. कोजागरीला ते फुकट मिळतं, वर दूधही असतं. शिवाय अंतर दुप्पट करायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. शंभर मीटरला अडीच हजार कँडेला पुरतात, हजार मीटरला अडीच लाख, आणि तो झोत फेकायला आरसाही तसाच रुंद लागतो. एवढं सगळं बोटभर नळीत आणि दीडशे रुपयांत बसवल्याचा दावा म्हणजे वैनगंगा ते नळगंगा जोडकालव्याची सव्वाचारशे किलोमीटरची लांबी एका बादलीत मावते म्हणण्यासारखं आहे. सेलाचंही तेच. चार्जिंगच्या बॅटरीत जो १८६५० नावाचा सेल येतो, तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. चांगल्या कंपनीच्या सेलातही साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास मावतात. बाजारात त्यावर ९९०० बिनदिक्कत छापलेले असतात. खात्री करायची तर सोनाराच्या काट्यावर ठेवून बघावा. अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, पोकळ आश्वासन बरंच हलकं असतं.

मुळात माझं म्हणणं असं की भाऊचा प्रश्नच उलटा आहे. बॅटरी किती लांब जाते हे विचारण्याआधी आपलं काम किती लांब आहे हे बघावं. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते. रात्रीची पाळी लागली की हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलितासाठी माणूस अंधारात घराबाहेर पडतो. त्याची कामं मोजा. दाराचं कुलूप, हाताच्या अंतरावर. बांधावरची वाट, सहा फुटांवर. स्टार्टरची पेटी, दीड फुटावर. स्प्रिंकलरच्या पाइपाची निसटलेली कडी, गुडघ्याशी. विहिरीतलं पाणी किती उरलं, पन्नास फुटांवर, आणि हेच सगळ्यात लांबचं. घोणस मातीच्या रंगात मिसळून निपचित पडते, पाय पडेपर्यंत हलत नाही; मण्यार तर रात्रीचीच. त्यांच्यासाठी उजेड हवा तो पावलापुढे, पसरट आणि सौम्य. नेमकं इथेच हजार मीटरवालं यंत्र फसतं. त्याचा झोत बांधावर एक पांढरा रुपया पाडतो आणि रुपयाच्या बाहेर काळोख आणखी दाट करतो. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. स्टार्टरच्या पत्र्यावरून उलटलेला एक लखलखाट ती सारी कमाई क्षणात घालवतो. मग भाऊ विहिरीच्या काठावर उजेडाचा राजा आणि नजरेचा आंधळा असा उभा राहतो.

यावर भाऊची बाजू ऐकायला हवी, कारण ती दुबळी नाही. तो म्हणेल, रोही आणि रानडुक्कर काय सहा फुटांवर येऊन नमस्कार घालतात? जागलीला मचाणावर बसणाऱ्याला लांबचा झोत लागतो, हे मान्य. पण ती मचाणाची बॅटरी. ती मचाणावर ठेवावी, खिशात नव्हे. विळा आणि कुऱ्हाड एकाच मुठीत मागितल्यासारखं होतं ते. मग तो राजूर घाटातल्या अस्वलावर येईल. बाजूलाच ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर भटकून तिथे पोचला होता, हे भाऊ वर्तमानपत्रातून पाठ करून बसलेला असतो. पण अस्वलाचा धोका लांबच्या अस्वलाचा नसतो, वळणावर अचानक अंगाशी आलेल्याचा असतो. तिथे झोतापेक्षा मोठ्यानं बोलणं आणि काठी आपटत जाणं अधिक कामाचं. बोलण्याच्या बाबतीत भाऊ आधीच सुरक्षित आहे.

दुसरा आक्षेप तरुण पोरांचा: मोबाइलला बॅटरी आहे, वेगळी काहून पाह्यजे? मोबाइलचा उजेड पावलापुढे पुरतो, हे खरं. पण तो धरायला पंजा गुंततो, ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही, आणि वाकून विहिरीत बघताना हातून सुटला तर दीडशे रुपये नाही, पंधरा हजार बुडतात. वर ज्या फोनवरून मदतीला माणूस बोलवायचा, त्याचंच चार्जिंग संपवायचं. तिसरा आक्षेप सरकारी आशावादाचा: सौर कृषिवाहिनी आली की वीज दिवसाच मिळणार. मिळो, लवकर मिळो. पण गाय रात्रीच व्यायची, कुलूप अंधारातच हरवायचं आणि आभाळ गरजलं की वीज जायची, याबाबत कुठली योजना जाहीर झालेली नाही. चौथा आक्षेप काटकसरीचा: शंभरवाली चार्जिंगची घ्यावी, मोडली तर दुसरी. यात मेख अशी की अशा बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो, आणि तो रिकामा ठेवला की पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसून मरतो. रब्बी संपली, बॅटरी माळ्यावर गेली, पेरणीला काढली तर पुन्हा पेटत नाही. तीन वर्षांत तीन घेतल्या की स्वस्ताई कुठे राहिली ते ज्यानं त्यानं मोजावं.

तेव्हा बॅटरी हातात घेतल्यावर समोरची टाकी बघू नये, मागची टोपी उघडून बघावी. आटे जाड आहेत का, फिरवताना कचकचतात का. सांध्यात रबराचं कडं आहे का. पाणी तिथूनच शिरतं, आणि 'वॉटरप्रूफ' या मोघम शब्दापेक्षा आयपीएक्स-७ असं लिहिलेलं बरं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची कसोटी. तळाची स्प्रिंग सेलाला घट्ट दाबते का, की हलवली की उजेड मिचकतो. पेन्सिल सेलवर चालणारी असेल तर सेल चुन्याइतकेच सहज पानटपरीवर मिळतात. मात्र पडून राहिलेला सेल पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरा-हिरवट भुगा साचतो. काडीपेटीच्या खरबरीत कडेनं तो घासून काढला की गेलेली बॅटरी पुष्कळदा परत येते. चार्जिंगची घ्यायची तर आतला सेल बाहेर निघणारा असावा. टाइप-सीचं छिद्र बघून भुलू नये. आतले दोन फुटकळ रेझिस्टर वाचवलेल्या बॅटऱ्या नव्या फोनच्या दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरवर चार्जच होत नाहीत. आणि मंद उजेड पहिल्या दाबाला यावा. कित्येकींना तो चौथ्या दाबाला येतो, मधे लुकलुक आणि एसओएस पार करून. ही एसओएस म्हणजे तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड, बुडत्या जहाजाची हाक. मोताळ्याच्या शिवारात ती कोणी दिली तर पलीकडच्या बांधावरून उत्तर येईल, "सेल बदल रे बाप्पा!"

इतकं ऐकून भाऊ पटल्यासारखा दिसतो. एखादी लहान, क्लिपवाली, मंद उजेडाची घेतोही. पण ती घरात आली की गोठ्याजवळच्या खिळ्यावर जाते आणि कारभारीण तिच्यावर दोन वर्षं धारा काढते. भाऊच्या खिशात तीच लांबची असते. ट्रंकेत आणखी चार आहेत, एकीचं कडं गेलेलं, दुसरीचं बटण, तिसरी नुसती सुंदर. तालुक्यात खिशातल्या बॅटरीचा खरा जाणकार कोण म्हणाल तर वायरमन. दोन्ही हात कामात, पाय खांबाला, त्यामुळे त्याची कसोटी एकच: नळी दातांत धरता आली पाहिजे. हलकी, बारीक, थुंकीनं न बिघडणारी, आणि उजेड हातभर अंतरावरच्या पकडीवर पडला की झालं. आभाळ उठून डीपीवरचा फ्यूज उडतो, अर्धं गाव काळोखात बुडतं, आणि वीज बंद करून तो खांबावर चढतो. खाली जमलेल्यांत भाऊ असतोच. मदत म्हणून तो आपली हजार मीटरवाली काढतो, झोत थेट वायरमनच्या डोळ्यांवर धरतो आणि त्याची बारकी बॅटरी न्याहाळत विचारतो, "तुमची किती लांब जाते हो?" वायरमन डोळे मिटून घेतो. उत्तर देत नाही, कारण बॅटरी तोंडात असते.