लॉण्ड्री त्यातच आहे!

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मुलाला परराज्यातल्या खासगी विद्यापीठात घालायचं अखेर पक्कं केलं. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, फी, हॉस्टेल आणि मेस धरून चार वर्षांचे २४ लाख. आकडा ऐकून समोरच्याची भुवई जरा जरी हलली तरी काका लगेच हात वर करतात. ‘‘पण लॉण्ड्री त्यातच आहे हं!’’

यावर समोरचा गप्प होतो. तोही बापच असतो, आणि निकालाच्या आधीच त्यानेही वहीत दोन रकाने आखून ठेवलेले असतात. डावीकडे घरापासून दोन स्टॉपवरचं कॉलेज, उजवीकडे हजार-बाराशे किलोमीटरवरचं कॅम्पस. डाव्या रकान्यात डोमिसाइलवर मिळणारी हक्काची जागा, निम्म्याहून कमी खर्च आणि आईच्या हातची पोळी. उजव्या रकान्यात पोहण्याचा तलाव, गेटवर फडकणारे परदेशी झेंडे आणि लॉण्ड्री. तलावात पोरगं उतरणार नाही हे बापाला ठाऊक असतं, झेंडे कुठल्या देशांचे ते विद्यापीठालाही सांगता येत नाही. लॉण्ड्री मात्र खरी असते. तिचं कार्ड मिळतं.

नियम असा, की आठवड्याला बारा कपडे. मोजे धरत नाहीत, चादर दोन कपड्यांची धरतात. काकांनी ही माहिती फोन करून, पुन्हा फोन करून, मग ‘कॅम्पस व्हिजिट’ला गेल्यावर प्रत्यक्ष खिडकीपाशी उभं राहून तपासून घेतली. मीही बसल्या बसल्या हिशेब केला. सुट्ट्या वजा जाता वर्षाचे ३६ आठवडे, चार वर्षांचे १,७२८ कपडे. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला धुलाईसकट नगाला वीस रुपये घेतो. म्हणजे चार वर्षांची धुलाई झाली ३४,५६०. उरलेले तेवीस लाख पासष्ट हजार चारशे चाळीस रुपये कशाचे, असं मी काकांना विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘वायफायसुद्धा आहे.’’

प्राप्तिकर खात्याला मात्र लॉण्ड्रीची थोरवी अजून कळलेली नाही. जुन्या करपद्धतीत मुलाच्या ट्यूशन फीची वजावट मिळते, तीही दीड लाखाच्या एकूण मर्यादेत, जिच्यात भविष्य निर्वाह निधी आणि विमा आधीच दाटीवाटीने बसलेले असतात. हॉस्टेल, मेस, धुलाई यांना त्यात जागा नाही. नव्या पद्धतीत तर फीलाच नाही. कर्जाचंही तसंच. साडेसात लाखांपर्यंत बँक तारण न मागता शैक्षणिक कर्ज देते. त्यापुढे ती हसून फ्लॅटचे कागद मागते. काकांनी ते दिले. आता ज्या खोलीत पोराने बारावीचा अभ्यास केला ती खोली पोराच्या अभ्यासासाठी तारण आहे.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं गणित याहून वरच्या इयत्तेचं. आपल्या राज्यात २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. वहिनींची लेक या सगळ्यात बसते. तिला इथलं एक बरं कॉलेजही मिळत होतं. ‘‘फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार,’’ असं म्हणून वहिनींनी परराज्यातल्या सीटसाठी गावाकडची जमीन विकायला काढली.

हा रोग जुना आहे. डोनेशनच्या जमान्यात आपल्याकडचे बागायतदार आणि डॉक्टर ब्रीफकेस घेऊन बेळगावच्या पुढे जात आणि पोराची सीट घेऊन परत येत. १९८३ साली आपल्या राज्याने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. आपला पैसा कर्नाटकात का घालवायचा, हा युक्तिवाद तेव्हा मोठ्या आवाजात केला गेला. दार उघडलं, तालुक्यातालुक्यांत कॉलेजं निघाली, आणि चाळीस वर्षांनी पैसा इथेही जातो, तिथेही जातो. मधल्या काळात ब्रीफकेस गेली, ऑनलाइन पेमेंट आलं. प्रगती नाही असं कोण म्हणेल!

गंमत पुढे आहे. काकांचा पोरगा पुण्यातून ज्या आठवड्यात दक्षिणेची गाडी धरतो, त्याच आठवड्यात पाटण्याची, लखनौची आणि रायपूरची पोरं लोखंडी ट्रंका घेऊन पुणे स्टेशनवर उतरतात. त्यांच्या बापांनीही वहीत दोन रकाने आखलेले असतात आणि उजव्या रकान्यात ‘पुणे’ असतं. म्हणजे पुण्याचा पोरगा पुण्यात शिकला तर घरकोंबडा, पाटण्याचा पोरगा पुण्यात शिकला तर बाहेरची दुनिया बघून आलेला. दौंडजवळ कुठेतरी या दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असतील. तिथेच थांबवून पोरांची अदलाबदल केली असती तर काकांचा फ्लॅट तरी सुटला असता. चार वर्षांनी दोघांनाही नोकरी लागते ती हिंजवडीला, एकाच कंपनीत, एकाच पगारावर. काकांच्या घरापासून ती जागा सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तासावर आहे. तेवढं अंतर पोरगं चोवीस लाखांत कापतं.

तुलना करण्यात चूक काहीच नाही. घ्या ना हिशेब, जरूर घ्या! पण मग हिशेबात मुख्य वस्तू तरी धरा. काकांनी त्या कॅम्पसवर सव्वाशे प्रश्न विचारले असतील. पाणी कडक की मऊ, गीझर किती वाजता, पोळी मिळते का नुसता भात, रेक्टर मराठी आहेत का, चादर दोन कपड्यांची का. पोराला शिकवणार कोण, हे त्यांनी विचारलं नाही. वहिनींनी विचारलं नाही. पाटण्याच्या बापाने इथे येऊन विचारलं नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन महिने याच विषयाचा रतीब चालू आहे, त्यातही कुणी विचारलं नाही. दोन स्टॉपवरच्या कॉलेजात लॅब आहे, लॅबमध्ये यंत्रं आहेत, यंत्रांवर प्लास्टिकची कव्हरं आहेत आणि ती काढायला माणूस नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावर पोरं नेमायची, आणि त्या तासांचे पैसे पुढच्या वर्षी द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. यावर एका तरी बापाने, एका तरी पालकसभेत तोंड उघडलं का? मुंडावळ्या बांधून मिरवावं तशी पोरं परराज्यात मिरवत नेऊन सोडायची, लाखांनी पैसे ओतायचे, पण गावातल्या कॉलेजला गणिताचा मास्तर द्या म्हणून पाच रुपयांचा अर्ज करायचा नाही. लाज वाटते का कशाची?

असो. काका परवा मुलाला सोडून आले. खूश होते. पहिल्याच दिवशी पोराला आपला माणूस भेटला म्हणाले. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे सर मराठी निघाले. दोन स्टॉपवरच्या त्याच कॉलेजात सहा वर्षं तासावर शिकवत होते, गेल्या वर्षी कंटाळून तिकडे गेले. तिथे पगार महिन्याच्या एक तारखेला होतो.